पाडव्याला उघडायचं होतं ते दुकान

खेळांचं दुकान काढायचं मी पहिल्यांदा बोलले तेव्हा आमचे हे जेवता जेवता हसले. हातातला घास खाली ठेवून हसले. "तीर्थपुरीत? खेळायचं दुकान? लोक कापूस वेचायचा सोडून सोंगट्या खेळायला येतेत होय तुझ्याकडं?" मी म्हणाले, "लोकांसाठी काढायचंच न्हाई मला." कुणासाठी काढायचं हे त्यांनी विचारलं नाही, कारण तो तिथंच बाजेवर बसून वरणात भाकरी कुस्करत होता.

माझा मुलगा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेल. लहानपणी पळताना पडायचा, तर आम्ही त्याला धांदरट म्हणायचो. मग पायऱ्या चढता येईनात. मग उभं राहता येईना. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की स्नायूंचा आजार आहे, पाय गेले ते गेले, पुढं हातातलं बळही हळूहळू कमी होत जाईल. यावर औषध नाही म्हणाले. आणि निघताना माझ्याकडं बघून म्हणाले, "त्याला आनंदात ठेवा." मला असा राग आला म्हणता! आनंदात ठेवा म्हणे. दवाखान्यासमोरच्या मेडिकलमध्ये पुडी बांधून मिळतो जसा काही. पण येताना एसटीत सगळा रस्ता मी तेवढंच घोकत आले, खोटं कशाला बोलू.

शाळेत त्याला हे सायकलवर नेऊन सोडायचे. पुढं हायस्कूल गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ह्यांची नोकरी अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर. गाळप सुरू झालं की पाळ्या, कधी सकाळची, कधी रात्रीची. मी उचलून नेऊन बघितलं. माझी कंबर धरली आणि पोराला लाज वाटायला लागली, आईच्या कडेवर बसून हायस्कूलला कोण जातं? शाळा सुटली ती अशी. सुरुवातीला त्याचे दोस्त यायचे घरी. मग कमी झाले. पोरं वाईट होती असं मी म्हणणार नाही. पळणाऱ्या पोराला बसलेल्या पोराबरोबर काय करायचं तेच कळत नाही.

आमच्या घराची पुढची खोली रस्त्यावर. खिडकीशी त्याची बाज. पोरं रस्त्यानं जायला लागली की हा आतून ओरडायचा, "ए, कुठं चाललास रे?" आणि ती पळता पळता म्हणायची, "आलोच!" आलोच म्हणून गेलेलं एकही पोर आलं नाही. हा मात्र केस नीट करून दाराकडं तोंड करून बसायचा. आजही कुणी मला आलोच म्हणालं की माझं डोकं फिरतं. येणार असलास तर ये, नाहीतर सरळ न्हाई म्हण.

मग एकदा जालन्याला कुणीतरी सांगितलेल्या वैद्याकडं त्याला घेऊन गेलो होतो. वैद्यानं काडीचाही फरक पाडला नाही, ते सोडा. पण परतताना बाजारातल्या एका बोळात ते दुकान दिसलं. दारात पोरांची ही गर्दी. आत एका बाजूला टीव्हीवर चालणारे व्हिडिओ गेम आणि त्यांच्या रंगीत कॅसेटी, दुसऱ्या बाजूला कॅरम, बुद्धिबळ, पतंग, मांजा, पोस्टाच्या जुन्या तिकिटांची पाकिटं, थर्माकोलची विमानं. मालक राजस्थानकडच्या घरातले, पण तीन पिढ्या जालन्यात गेलेल्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा साफ होतं. ह्यांच्या पाठंगुळीवर पोरगा बघितला तर त्यांनी काय झालं, कसं झालं काही विचारलं नाही. लोक हटकून विचारतात. त्यांनी एक स्टूल पुसलं, त्याला बसवलं आणि गेमचा रिमोट हातात दिला.

शेजारी एक शहरी पोरगा खेळत होता, चांगला बूटबिट घातलेला. आमच्यानं त्याला हरवलं. पहिल्यांदाच हातात धरलेल्या रिमोटनं हरवलं! तो पोरगा चिडला आणि म्हणाला, "अजून एक डाव." माझ्या मुलाला कुणी असं कित्येक दिवसांत म्हणालं नव्हतं. तो त्या पोराकडं बघून हसला आणि मी मांज्याच्या रिळांच्या मागं तोंड करून रडले. दुकानाचं माझ्या डोक्यात आलं ते तिथं.

घरी ह्यांच्याशी बोलले, आणि वैद्याच्या पुढच्या खेपेला परत त्या दुकानात गेलो तेव्हा पोराला त्याच स्टुलावर बसवून मी मालकांना विचारलं. हे मला कोपरानं ढोसत होते. मालक म्हणाले, "भाभी, खरं सांगू? तिथं धंदा बसणार न्हाई. उगं खर्चात पडाल." मी म्हणाले, "धंदा न्हाई करायचा. पोरं घरी आली पाहिजेत." त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा स्टुलावरच्या पोराकडं. मग म्हणाले, "जांगड घेऊन जा." व्यापाऱ्यांची ती पद्धतच आहे, माल नुसता न्यायचा, खपला तर ठेवायचा, नाहीतर जसाच्या तसा परत. "दिवाळीच्या सुट्टीत मांडून बघा. पोरं आली तर पाडव्याला नारळ फोडा. न्हाई आली तर माझा माल मला आणून द्या, विषय संपला." देवमाणूस म्हणायचं नाहीतर काय. एक व्हिडिओ गेम, थोड्या कॅसेटी, कॅरम आणि बाकीची किरकोळ खेळणी असं सगळं पोत्यात बांधून आम्ही घरी आणलं.

आणि पोरं आली की हो!

सुट्टी लागली त्या दिवशी सकाळी दोघं-तिघं दारात रेंगाळले. दुपारपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लाईट असेपर्यंत घरच्याच टीव्हीवर गेम, लाईट गेली की कॅरम. आमच्या गावची लाईट, त्यामुळं कॅरमच जास्त झाला. माझा मुलगा भिंतीला टेकून मध्ये बसायचा आणि सगळा कारभार करायचा. कुणाचा नंबर, कुणी चीटिंग केली, कुणाला आज खेळायचं नाही. शिवी दिली की एक डाव बाद. "हे दुकान हाय, तुझं घर न्हाई," असं तो आपल्याच घरात बसून पोरांना दरडावायचा. पावडरनं फरशी पांढरी झाली, दारात चपलांचा ढीग, पोरांच्या घामाचा वास. मी दिवसभर करवादत होते, पाय पुसा रे, ओरडू नका रे, आणि मनातून इतकी खूश होते की काय सांगू. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्यांनी दिवाळीचा चिवडा दिवाळीच्या आधीच पोरांना वाटून संपवला.

एका संध्याकाळी सगळी पोरं गेल्यावर तो मला म्हणाला, "आई, ते उद्या येतील का नाही हे मी आता विचारतच नाही. येतेतच." ह्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी न सांगता वडीगोद्रीहून फळीवर निळ्या रंगात पाटी रंगवून आणली. पाडव्याला दुकान उघडायचं ठरलं. साडेतीन मुहूर्तांतला तो अर्धा, भटजीला विचारायचंही काम नाही.

आता आत्याबाईंचं सांगते. नातवासाठी त्यांनी काय केलं नाही ते विचारा. नवस बोलल्या, उपास धरले, आणि दर अमावस्येला उतारा. दहीभात, लिंबू, गुलाल, काळी बाहुली हे सगळं पत्रावळीवर मांडायचं, दिवेलागणीला पोरावरून ओवाळायचं आणि जिथं तीन रस्ते मिळतात तिथं नेऊन ठेवायचं. जो ओलांडील त्याच्यामागं ते दुखणं जातं असं मानतात. म्हणून आत्याबाई पार गावाबाहेर, ओढ्यापलीकडं जाऊन ठेवून यायच्या, जिथं माणसाचा पाय पडत नाही. माझा असल्यावर विश्वास नव्हता, पण अडवायचं तरी कसं? पोरगा तर हसायचा. "आजी, लिंबानं पाय येत असते तर सगळ्यांनी दारात लिंबाचीच झाडं लावली असती." "गप बस, लई शहाणा झालास," म्हणत त्या त्याच्या डोक्यावरून पत्रावळ फिरवायच्या.

दिवाळीतलं लक्ष्मीपूजन अमावस्येचंच असतं. घरात पूजेची गडबड, हे कारखान्यावरून उशिरा येणार, मी चुलीपाशी. आत्याबाईंचे गुडघे त्या दिवसांत सुजलेले. उद्या नवीन काम सुरू व्हायचं, त्याच्या आधी घरातली इडापिडा घराबाहेर गेली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. ओढ्यापर्यंत चालवेना म्हणून त्यांनी उतारा जवळ ठेवला. आमच्या दारातून दिसतो त्या तीन रस्त्यांच्या तोंडावर. आमच्याकडं येणारं प्रत्येक पोर तिथूनच यायचं. बाई गं! गावात दुसरी जागा नव्हती? पण हे मला त्या दिवशी माहीतच नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर नारळ, भिंतीला टेकवलेली निळी पाटी. पोराला उटणं लावून आंघोळ घातली, नवा शर्ट घातला. लाईटसुद्धा होती. तो कॅसेटी लावून बसला. कुणी आलं नाही. "झोपले असतील," तो म्हणाला. "रात्री फटाके उडवले ना." थोड्या वेळानं म्हणाला, "ओवाळणी चालली असंल." दुपारी त्यानं कॅसेट काढून बाजूला ठेवली. नारळ तसाच होता.

उन्हं उतरायला लागल्यावर शेजारीण आली. रोज सरळ चुलीपर्यंत येणारी बाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी म्हणाले, "अगं ये की आत." तर म्हणाली, "तुला माहीत न्हाई होय?" मागच्या गल्लीतला एक पोरगा भल्या सकाळी फटाके घेऊन पळत आल्ता. त्याचा पाय उताऱ्यात पडला, दहीभातात. तसाच पुढं पळाला, घसरला आणि घोट्यात पाय मोडला. त्याला अंबडला नेलं होतं. "पायच मोडला बघ," शेजारीण म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून आत बाजेकडं बघितलं. मग हळूच सांगितलं गावात काय चाललंय ते. ह्या घरानं खेळाच्या नादानं पोरं गोळा केली. दुकान हे निमित्त. आपल्या पोराचं दुखणं दुसऱ्याच्या पोरावर उतरवायचं होतं.

मी अशी भडकले की सगळी गल्ली जमा झाली असेल. "कोण म्हणतंय? समोर आणा त्याला! आमच्या घरचा न्हाईच तो उतारा. कुणी ठिवला कुणास ठाऊक, आणि नाव आमचं?" तर मागून आत्याबाईंचा आवाज आला. "मीच ठिवलाय. अमावस्येला ठिवावाच लागतो." आयुष्यात खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. मी वळून विचारलं, "आत्याबाई, दुसरी जागा भेटली न्हाई तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "गुडघे दुखू राह्यले होते, बाई."

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला बघायला गेले. त्याची आई भांडली असती तर बरं झालं असतं, भांडायला मी कुणाला हार जाणारी नाही. पण तिनं दारातच हात जोडले. "ताई, पाया पडते तुझ्या, तू आत येऊ नको." मी म्हणाले, "अगं, असं जात नसतं कुणाचं कुणाला. घसरून पडलाय तो." ती म्हणाली, "मंग तुझी सासू ठिवती कशाला?" मी आणलेली केळी तिच्या ओट्यावर ठेवून आले. तीही तिनं गाईला घातली, असं मागाहून कळलं.

पोरांनी मग रस्ताच बदलला. मारुतीच्या देवळामागून वळसा घालून जायला लागली. आधी निदान खिडकीतून आवाज यायचे, पळता पळता कुणी उत्तर द्यायचं, तेही बंद झालं. टीव्हीवर कापड घातलेलं. माझा मुलगा कॅरमवर एकटाच स्ट्रायकर सरकवत बसायचा आणि त्याचाही नेम चुकायला लागला होता. बोट लागलं की स्ट्रायकर निम्म्यातच थांबायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं ते हातांपर्यंत आलंय हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत असणार.

एकदा त्यानं विचारलं, "आई, खरंच जातं का गं ते दुसऱ्याला?"

"न्हाई रे. बिलकुल न्हाई."

"मंग सांग ना त्यांना."

"सांगितलं."

"जोरात सांग."

आत्याबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि उठून मागच्या अंगणात गेल्या. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. मी रागात होते, मी काही त्यांना जेवा म्हणून आग्रह केला नाही.

सुट्टी संपायला आली होती. भरदुपारची वेळ, हे कारखान्यावर. रस्त्याच्या तोंडावरच्या नळाला पाणी आल्तं म्हणून बायका आणि पोरं तिथं जमलेली. आत्याबाई स्वयंपाकघरातून पत्रावळ घेऊन बाहेर आल्या. त्यावर दहीभात, लिंबू, गुलाल. अमावस्या नाही, काही नाही, लख्ख ऊन. मी म्हणाले, "आत्याबाई, आता आणखी काय वाढवून ठिवता?" त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बाजेपाशी जाऊन नातवावरून पत्रावळ ओवाळली. या वेळी तो हसला नाही. मग तशाच अनवाणी, गुडघ्यांवर हात दाबत, त्या सगळ्यांच्या देखत रस्त्याच्या तोंडापर्यंत गेल्या आणि पत्रावळ मधोमध ठेवली.

"या गं सगळ्या, बघा!" असा आवाज त्यांनी घरातसुद्धा कधी काढला नव्हता. लुगड्याचा काठ उचलून त्यांनी उतारा ओलांडला. "बघितलं? मी ओलांडलं. माझ्या नातवाचं जे काय असंल ते आता माझ्या अंगावर आलं. तुमच्या लेकरांसाठी काही राह्यलं न्हाई. पाठवा लेकरं खेळायला. पाया पडते, पाठवा."

नळाचं पाणी घागरीतून वाहून चाललं होतं, बंद करायचंही कुणाला सुचेना. एका बाईनं पोराचा दंड धरून त्याला घरात ओढलं आणि दार लावून घेतलं. आमच्याकडं भरदिवसा दार लावत नाहीत. मग दुसरीनं लावलं. आत्याबाई तिथंच उभ्या राहिल्या, पांढरं डोकं उन्हात. मला त्यांचा राग आला, त्या बायांचा आला, देवाचा आला, आणि त्याच वेळी वाटलं की पळत जावं आणि म्हातारीला मिठी मारावी. मी कुठंच गेले नाही, दारात उभी राहून रडत होते.

मग वाटलं, पोरानं हे बघायला नको होतं. म्हणून वळले. तर तो रस्त्याकडं बघतच नव्हता. दारं लागली ती त्यानं बघितलीच नव्हती. त्यानं अंगावरची चादर बाजूला केली होती आणि दात आवळून तो आपल्या पायांकडं टक लावून बघत होता. पाय हलवायला जोर लावून लावून तोंड लाललाल झालं होतं.

"काय करून राह्यलास रे?" मी विचारलं.

आत्याबाई परत आल्या. उंबऱ्याला हात टेकून श्वास घेत उभ्या राहिल्या. तो त्यांच्याकडं न बघता, हळू आवाजात म्हणाला, "आजी, बराबर झालं न्हाई. परत एकदा ओलांड ना."

त्या बसल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. तशाच वळल्या आणि परत रस्त्यावर गेल्या.